विमानाचं इंजिन आणि आपला फवारणी पंप



आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा कान पिळतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. आज आम्ही विमानाच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. दोनशे माणसं घेऊन मुंबई-दिल्लीला जाणाऱ्या मोठ्या विमानाच्या नाही, तर दोन-चार माणसांच्या लहान विमानाच्या, ज्यावर पोरंपोरी उडायला शिकतात. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला निंदणातून डोकं वर काढायला फुरसत नाही आणि या बाया विमान घेऊन बसल्या! पण थोडा वेळ थांबा. आपल्या गटाच्या औजार बँकेत जो पेट्रोलचा फवारणी पंप आहे, जो पॉवर विडर आहे, त्याचं आणि त्या विमानाचं नातं सख्ख्या बहिणींचं आहे. फरक एवढाच की पंप वावरात बंद पडला तर आपण तो धुऱ्यावर ठेवून देतो. विमानाला धुरा नसतो.

विषय सुचला तो बेलोऱ्यामुळे. बडनेऱ्याजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. ते ७२ जागांचं विमान. त्याला पंखे असले तरी आत पिस्टन नसतो, ते टर्बाइनवर चालतं. आज आपण त्याच्याबद्दल बोलत नाही. पण त्याच बेलोऱ्याला एअर इंडियानं वैमानिक घडवायची मोठी शाळा उभारायचं ठरवलं. वर्षाला १८० वैमानिक तयार करायचे आणि त्यासाठी ३४ लहान विमानं, अशी ती योजना. आपल्याकडे नागपूरचा फ्लाइंग क्लब जुना आहे, गोंदियाला बिरसीत शाळा आहे, बारामतीला आहे. म्हणजे ही लहान विमानं वऱ्हाड-विदर्भाच्या आभाळात नवीन नाहीत. १९७२ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं पिकावर फवारणी करायसाठी 'बसंत' नावाचं खास विमानच बनवून उडवलं होतं. आठ सिलिंडर, चारशे अश्वशक्ती, आणि इंजिन पिस्टनचंच. पाठीवरच्या पंपाची ती थोरली जाऊ म्हणा ना.

सिलिंडर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गॅसची टाकी येते. इथं सिलिंडर म्हणजे लोखंडी नळकांडं, आणि त्यात खालीवर होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. सायकलच्या टायरात हवा भरायचा पंप आठवा. इंजिनात चार कामं एकामागून एक होतात. दट्ट्या खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो. वर येताना ते दाबतो. दाबलेल्या मिश्रणाला प्लग ठिणगी देतो, भडका होतो आणि दट्ट्या जोरात खाली ढकलला जातो. मग परत वर येताना तो जळालेला धूर बाहेर फेकतो. ओढा, दाबा, पेटवा, फेका, एवढंच. पाठीवरचे काही पंप टू-स्ट्रोक असतात, ते हीच चार कामं दोन हिसक्यांत उरकतात, आणि म्हणून त्यांच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं. विमानाच्या इंजिनाला बहुतेक चार सिलिंडर असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे आडवे झोपवलेले. त्यांना पाणी लागत नाही, हवेनंच ते थंड होतात. आपल्या पंपाच्या इंजिनावर जशा पातळ पातळ पापडासारख्या पट्ट्या असतात, तशाच तिथंही असतात. त्या पट्ट्यांत माती बसली की इंजिन तापतं. इथंही आणि तिथंही.

आता ही माणसं विमानाची निगा कशी राखतात ते ऐका. यातलं निम्मं तरी आपल्याला उद्या सकाळपासून करता येण्यासारखं आहे.

उडण्याआधी वैमानिक सीटवर बसायच्या आधी विमानाभोवती एक पूर्ण चक्कर मारतो. शिकाऊ असो की वीस वर्षं उडालेला असो, प्रत्येक वेळी, आणि हातात छापील यादी घेऊन. यादी पाठ असली तरी हातात धरायचीच, असा दंडक आहे. आपल्याला हे जरा जास्त वाटेल, पण रोजचं काम असलं की माणूस सवयीनं पुढं जातो आणि नेमकी एक गोष्ट राहून जाते, हे चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे.

त्या चकरेत सगळ्यात महत्त्वाचं काम पाणी शोधायचं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ टाकीच्या पत्र्याला धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं, आणि इंजिनाला जाणारं इंधन तळातूनच जातं. विमान जमिनीवर असेपर्यंत कदाचित नीट चालेल, आणि नाक वर करून चढायला लागलं की तोच पाण्याचा घोट इंजिनात जाईल. म्हणून टाकीच्या तळाला बारकी तोटी असते. तिथून काचेसारख्या पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. यात एक गंमत आहे, आणि ती फार शिकण्यासारखी आहे. पेल्यात पाण्याचा वेगळा थेंब दिसला नाही म्हणजे सगळं बरंच आहे, असं नसतं. अख्खा पेलाच पाण्याचा असेल तर? त्यातही वेगळा थेंब दिसणार नाही! म्हणून रंग बघायचा, वास घ्यायचा. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पेल्यात निळं दिसलं नाही की थांबायचं. आणि संध्याकाळी विमान उभं करताना टाकी भरून ठेवायची, म्हणजे आत वाफेला जागाच राहत नाही.

आपल्या पंपाचं काय? आपण जे पेट्रोल पंपावरून आणतो त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, मिठासारखं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. श्रावण-भादव्यात फवारणी झाली, पंप तसाच पेट्रोलसकट कोठ्यात ठेवला आणि पुढच्या आषाढात काढला, तर तो चालू का व्हावा? कार्बोरेटरच्या वाटीत पाणी, आणि जुन्या पेट्रोलचा चिकट डिंक बारक्या भोकात बसलेला. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा, आणि मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. नवीन हंगामात ताजं पेट्रोल. बाटलीत उरलेलं मागच्या सालचं नको. विमानाच्या पेट्रोलात इथेनॉल चालत नाही, ते वेगळंच असतं. पूर्वी ते बाहेरच्या देशातून आणावं लागे. २०२२ साली इंडियन ऑइलनं ते आपल्याकडे बनवायला घेतलं.

रंगावरून आणखी एक. विमानात दोन प्रकारचं इंधन लागतं. जुन्या धाटणीच्या पिस्टन इंजिनाला निळं पेट्रोल, आणि जेटला रॉकेलच्या जातीचं जवळपास पाण्यासारखं दिसणारं इंधन. पेट्रोलच्या विमानात चुकून जेटचं इंधन भरलं तर नळ्यांमध्ये उरलेल्या पेट्रोलवर विमान सुरू होतं, कधी कधी उडतंही, आणि मग इंजिन दगा देतं. यात माणसं गेली आहेत. म्हणून टाकीच्या झाकणापाशी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि भरताना वैमानिक स्वतः उभा राहून बघतो. बेलोऱ्यासाठी मागवलेली विमानं यातही वेगळी आहेत, बरं. त्यांना पिस्टन आहे, पण ती डिझेल पद्धतीची, जेटच्याच इंधनावर चालणारी. त्यांना प्लग नाही, ठिणगी नाही. हवा इतकी दाबली जाते की इंधन आपोआप पेटतं, आपल्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनासारखं. आपल्या घरात टू-स्ट्रोकचा पंप, फोर-स्ट्रोकचा विडर आणि डिझेल इंजिन, तिन्हींचे डबे एका कोपऱ्यात असतील तर त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आणि एक विनंती, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल नको, ऑइल नको, काहीच नको.

दुसरं काम, छिद्रं बघायची. आपल्या भिंतीवर, कुलपाच्या भोकात, कुंभारमाशी मातीचं घर बांधते ना, तिला विमानही तितकंच आवडतं. विमानाच्या टाकीला हवा आत जायला एक बारीक नळी असते. इंधन जसं खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते. ती नळी माशीनं लिंपली की टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी मरतं. चिमण्या इंजिनाच्या झाकणात घरटं करतात, तेही काडीकाडीनं, एका दुपारीत. म्हणून उभ्या विमानाच्या भोकांना लाल झेंडी लावलेले बूच बसवतात, आणि उडण्याआधी ते मोजून काढतात. आपल्या पंपाच्या टाकीच्या झाकणाला असंच बारीक भोक असतं. पंप चालू होतो, पाच-दहा मिनिटं चालतो, मग घुसमटून बंद पडतो, थोड्या वेळानं परत चालू होतो. अशी तऱ्हा असेल तर कार्बोरेटर खोलायच्या आधी झाकण जरा सैल करून बघा. झाकण सैल केल्यावर नीट चालला तर दोष त्या भोकाचा, सुईनं साफ होईल. पण हे जमिनीवर ठेवून बघायचं, पाठीवर घेऊन नाही, नाहीतर पेट्रोल अंगावर येईल.

आता ठिणगीकडे येऊ. विमानाच्या इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ठिणगी देणारे दोन वेगवेगळे मॅग्नेटो. एक गेला तरी दुसऱ्यावर विमान घरी येतं. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. फिरणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं, इंजिन फिरतंय तोवर वीज तयार. आपल्या दोरीच्या पंपातही चुंबकच असतं, म्हणून तर त्याला बॅटरी नाही. उडण्याआधी वैमानिक इंजिन मिनिटाला सतराशे-अठराशे फेऱ्यांवर नेतो आणि एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. एकावर चालताना फेऱ्या थोड्या कमी होणारच, साधारण शे-सव्वाशेनं. किती चालतील ते त्या विमानाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. फार पडल्या किंवा इंजिन थडथडायला लागलं, तर विमान उडवायचं नाही. पण फेऱ्या अजिबातच कमी झाल्या नाहीत तर? आपल्याला वाटेल, वा, उत्तम! मेकॅनिक मात्र तिथंच दचकतो. याचा अर्थ बंद केलेला मॅग्नेटो बंदच होत नाहीये. तो बंद करणारी तार तुटली आहे. मग किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन जिवंत राहतं. कोणी सहज हात लावून पंखा जरासा फिरवला, तर ठिणगी पडू शकते आणि पंखा हिसका मारून फिरू शकतो. म्हणून विमानाच्या शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की पंखा नेहमी चालूच आहे असं समजून वागा. बेलोऱ्याला कधी पोरांना विमान दाखवायला नेलं, तर पंख्यापाशी फोटोसाठी उभं करू नका.

आपल्या पंपाचं बंद करायचं बटणही असंच काम करतं, ठिणगीची वीज इंजिनाच्या लोखंडात सोडून देतं. ती तार तुटली की बटण दाबूनही पंप बंद होत नाही. अशा वेळी घाबरून प्लगची टोपी हातानं ओढू नका, जोराचा झटका बसतो. पेट्रोलचा कॉक बंद करा किंवा चोक पूर्ण लावा, गुदमरून बंद होईल. मग तार दुरुस्त झाल्याशिवाय तो पंप कोणाला द्यायचा नाही.

मेकॅनिक लोकांची एक जुनी युक्ती आम्हाला फार आवडली. चार सिलिंडरमधला कोणता काम करत नाही हे कसं ओळखायचं? इंजिन थोडा वेळ त्या बिघडलेल्या मॅग्नेटोवर चालवायचं, बंद करायचं, आणि पंख्यापासून सांभाळून प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या नळीवर पाण्याचा थेंब टाकायचा. तीन नळ्यांवर थेंब चर्र करून उडतो आणि चौथीवर तसाच ओघळतो. तवा तापला की नाही हे आपण असंच बघतो की! आता त्यासाठी तापमान मोजायचं यंत्र आलंय, पण युक्ती तीच.

प्लग काढून बघणं म्हणजे तर जीभ बघून आजार ओळखण्यासारखं. फिकट तपकिरी, कोरडा असेल तर इंजिन ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी जातेय, आधी हवेची जाळी साफ करा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. पेट्रोलनं भिजलेला असेल तर चोक लावून दोरी फार वेळा ओढली गेली. तेलकट काळा असेल आणि पंप फोर-स्ट्रोक असेल, तर ऑइल वर चढतंय, रिंगा झिजल्या असाव्यात. टू-स्ट्रोकमध्ये तेलकट म्हणजे ऑइलचं माप चुकलंय. ते माप पंपागणिक वेगळं असतं. कुठं एका लिटर पेट्रोलला ४० मिली, कुठं २० मिली, म्हणून पुस्तिकेतलं माप झाकणावर रंगानं लिहून ठेवा. अंदाजे ओतणं बंद.

इंजिन चालू होत नसेल तर तीनच गोष्टी विचारायच्या आणि त्या क्रमानं: पेट्रोल पोचतंय का? ठिणगी पडतेय का? दाब धरतोय का? पेट्रोल आहे की नाही ते टाकीत, कॉकवर आणि नळीत बघा. ठिणगी बघायची तर प्लग काढा, टोपीत घाला, प्लगचं लोखंड इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि दुसरीला दोरी ओढायला सांगा. निळी, कडक ठिणगी हवी. मात्र हे करताना टाकीचं झाकण घट्ट, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं, प्लग त्याच्या भोकापासून लांब, हात कोरडे आणि फक्त रबराची टोपी धरलेली. राहिला दाब. प्लग बसवलेला असताना दोरी ओढली की हाताला एक अडकाव लागला पाहिजे. मऊ लोण्यासारखी दोरी आली तर दाब जातोय, आणि तिथं आपलं काम संपलं, मेकॅनिककडे न्या.

विमानवाले हा दाब फार छान पद्धतीनं मोजतात. प्लगच्या भोकातून ८० पौंड दाबानं हवा सोडतात आणि सिलिंडर त्यातली किती धरून ठेवतो ते बघतात. सत्तरच्या वर धरली तर बरं. साठच्या खाली गेली की शोध सुरू. शोध कशानं? कानानं. हवा धुराच्या नळीतून सूं सूं करत असेल तर धुराचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ऑइल भरायच्या तोंडातून आवाज येत असेल तर रिंगा गेल्या. कार्बोरेटरकडून येत असेल तर आतला व्हॉल्व्ह. काही न खोलता कळतं की कुठलं काय खोलायचं. आमच्या मते सगळ्या विषयातली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. नाहीतर आपल्याकडे पंप बिघडला की पहिलं काम, सगळे स्क्रू काढून ताटात मांडायचे.

ऑइल बदलायचा हिशेब तिथं तासांवर असतो. साधारण ५० तास चाललं की ऑइल आणि त्याची गाळणी बदलतात. जुनी गाळणी फेकत नाहीत, ती कापतात आणि आतला कागद उलगडून उजेडात बघतात. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवतात. चिकटले तर लोखंड, म्हणजे कुठला तरी पोलादी भाग झिजतोय. नाही चिकटले तर कदाचित ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनकडे लक्ष द्या. तांदूळ निवडणाऱ्या बाईची नजर लागते या कामाला, हे आम्ही गमतीनं म्हणत नाही. आणि इंजिन वापरात असलं तरच चांगलं राहतं. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या विमानाच्या इंजिनात ऑइल सगळं खाली निथळतं आणि वरच्या भागाला गंज धरतो. फोर-स्ट्रोक पंप-विडरचंही तेच. त्यात ऑइल असतं हेच अनेकींना माहीत नसतं, कारण घेताना कोणी सांगत नाही. काडी घालून पातळी बघा, काळंकुट्ट झालं असेल तर बदला.

ऊन हा आपल्या अकोल्या-अमरावतीचा खास विषय. मे महिन्यात पारा ४६-४७ला जातो तेव्हा हवा विरळ होते. विरळ हवेत इंजिनाला दम कमी, पंखांना आधार कमी, म्हणून विमानाला धावपट्टी जास्त लागते. शिकवणारे उन्हाळ्यात भल्या पहाटे उडून घेतात, आपण जसं निंदायला पहाटे निघतो तसं. तापलेलं इंजिन बंद करून लगेच चालू करायला गेलं की ते हट्ट करतं, कारण नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन बसलेली असते. पंपही भर उन्हात चालून बंद केला की असाच रुसतो. दोरी ओढून ओढून खांदा मोडून घेऊ नका. सावलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. उलटपक्षी दमट हवेत, वीस-पंचवीस अंशातसुद्धा, विमानाच्या कार्बोरेटरात चक्क बर्फ धरतो. हवा अरुंद गळ्यातून वेगानं जाते, पेट्रोल उडून वाफ होतं आणि तिथलं तापमान एकदम खाली जातं. माठातलं पाणी गार का होतं, तेच. म्हणून तिथं गरम हवा सोडायचा दांडा असतो.

आता एका बाईची गोष्ट. बीट्रिस शिलिंग, इंग्लंडची, जन्म १९०९चा. मोटारसायकल हाणायची ती ताशी शंभर मैलांच्या वर, शर्यतीत. शिकून इंजिनियर झाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांचं पिस्टन इंजिन एका गोष्टीत मार खात होतं. वैमानिकानं एकदम नाक खाली घातलं की इंजिन क्षणभर गप्प व्हायचं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल वर उसळायचं, आधी इंजिन उपाशी राहायचं आणि मग एकदम इतकं पेट्रोल यायचं की ते बुडायचं. शत्रूच्या विमानाला हा त्रास नव्हता. नवीन कार्बोरेटर बनवायला वेळ लागणार होता. शिलिंगबाईंनी भोक असलेली एक छोटी पितळी चकती बनवली, अंगठीच्या टोपणाएवढी म्हणा, जी पेट्रोलच्या वाटेत बसवली की गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाणारच नाही. १९४१च्या सुरुवातीला त्या आणि त्यांची माणसं एकेका विमानतळावर जाऊन त्या चकत्या बसवत फिरली. विमान कारखान्यात परत न्यायची गरज पडली नाही. पुढं कायमचा इलाज निघाला, पण तोवर त्या चकतीनं वेळ निभावली.

शेवटी वह्यांचं. हे आपल्या घरचं काम. प्रत्येक विमानाच्या वेगळ्या वह्या असतात, विमानाची, इंजिनाची, पंख्याची. किती तास चाललं, कोणता भाग कधी बदलला, काय बिघाड दिसला, कोणी दुरुस्त केला, आणि खाली सही. लायसन असलेल्या माणसाची सही झाल्याशिवाय विमान जमिनीवरून हलत नाही, मालक कितीही मोठा असो. हत्यारंही मोजून काढायची आणि मोजून ठेवायची. एक पान्हा कमी भरला तर इंजिनाचं झाकण परत उघडायचं. बचत गटात आपण हप्त्याची, कर्जाची, हजेरीची वही लिहितो, त्यात पंपाची एक वही वाढवा. कोणी नेला, किती तास चालवला, परत आणताना कसा होता, प्लग कधी साफ केला. पंप परत घेताना नोझल आणि नळ्या गळत नाहीत ना, टाकीचा पट्टा धड आहे ना, हेही त्यात लिहा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. गळक्या पंपाचं औषध पाठीवरून अंगात मुरतं. आणि नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, जुना टूथब्रश आणि पाणी पिशवीत ठेवा. हातमोजे नसतील तर त्या दिवशी पंप द्यायचाच नाही, असा ठराव गटात करता येतो.

आणि ज्यांच्या घरी बारावीला विज्ञान घेतलेली लेक आहे त्यांच्यासाठी. उडायला शिकणं फार खर्चाचं, लाखांच्या पुढची बोली. पण विमान दुरुस्त करणाऱ्या इंजिनियरचंही केंद्र सरकारच्या डीजीसीएचं लायसन असतं. त्याला भौतिक, रसायन आणि गणित घेऊन बारावी लागते. मान्यताप्राप्त संस्थेत शिकून, परीक्षा देऊन आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊन ते मिळतं. पिस्टनच्या विमानांसाठी त्यात 'बी वन पॉइंट टू' हा वेगळा वर्ग आहे. प्रवेश घेण्याआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता चालू आहे का, ते डीजीसीएच्याच यादीत बघा, जाहिरातीवर जाऊ नका. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे, जगात सगळ्यात जास्त असलेल्यांमध्ये. हँगरमध्ये पान्हा घेऊन उभ्या असलेल्या बाया मात्र अजून कमीच.

पुढच्या वेळी कार्बोरेटर उघडून साफ कसा करायचा ते टप्प्याटप्प्यानं सांगू. एक पांढरं फडकं, जुना ब्रश आणि स्क्रू ठेवायला वाटी एवढं जवळ ठेवा. येतो आम्ही, रामराम.